कुसुमबाईची बादली

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात मी आधी बोलते आणि मग विचार करते. खुशालराव, म्हणजे माझा नवरा, आधी विचार करतात आणि मग बोलतच नाहीत. त्यामुळे गावात जेवढी भांडणं आमच्या घराच्या नावावर आहेत, ती सगळी माझीच. पण कुसुमबाईंशी मी जे वागले त्याला भांडणही म्हणता येत नाही. भांडायला दोघं लागतात, आणि त्या तर एक शब्द चढ्या आवाजात बोलल्या नव्हत्या.

सगळं सुरू झालं बरबटीपासून. पुण्यामुंबईकडे हिला चवळीची शेंग म्हणतात. वर्ध्याकडच्या आष्टीपासून सात किलोमीटरवर आमचं गाव, गावाबाहेर आमची संत्र्याची बाग, बागेच्या उतारावर खाली विहीर, आणि विहिरीला लागून छोटं शेडनेट. या शेडनेटमध्ये माती नाही. प्लास्टिकचे मोठे ड्रम आडवे कापून ठेवलेत, त्यांत पाणी, वर थर्माकोलचं झाकण, झाकणाला भोकं, भोकात जाळीचे पेले, आणि पेल्यांतून रोपांची मुळं खाली पाण्यात सोडलेली. मासोळ्यांच्या पेटीत असतो तसा पंप दिवसभर बुडबुडे काढत राहतो. मी बी.एस्सी. झालेली, म्हणून हा उद्योग. पहिल्या वर्षी परदेशी पाल्याची भाजी लावली. आष्टीच्या बाजारात एका बाईनं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हशीसाठी मागितली. तेव्हापासून मी बरबटीवर आले.

नागपूरला शेतकी कॉलेजात शिकणारी आमची रक्षा एक दिवस फोनवर म्हणाली, "आई, बरबटीले तू नत्राचं खत कायले देतेस? तिच्या मुळाले तं गाठी येतात ना?"

"त्या मातीत येतात."

"मंग पान्यात काऊन नाई येनार?"

प्रश्न अडकून राहिला की मला रात्रभर झोप येत नाही. सोयाबीन उपटलं की मुळाला मोहरीएवढ्या गाठी दिसतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या गाठींत जिवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन पकडून रोपाला देतात, रोप त्यांना साखर देतं. असा दोघांचा संसार. म्हणून तर आपण पेरणीआधी जिवाणू खताचं पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळतो. मग माझ्या ड्रममधली बरबटी आयत्या खतावर का जगावी?

दुसऱ्या दिवशी मी दोन ड्रम वेगळे काढले. निळ्या ड्रमात नेहमीसारखं पूर्ण खत. पांढऱ्या ड्रमात बाकी सगळं, पोटॅश, स्फुरद, गंधक, लोह, पण नत्र शून्य. ती बिननत्राची भुकटी मी एका पांढऱ्या डब्यात वेगळी करून ठेवली. बी दोन्हीकडे एकच, जिवाणूंचं पाकीटही एकच.

कुसुमबाई शेजारी उभ्या राहून हे सगळं पाहत होत्या.

त्यांची ओळख करून द्यायलाच हवी. टेकडीच्या पायथ्याला, आमच्या गावापासून तीन किलोमीटरवर गोंडांचा टोला, म्हणजे छोटी वस्ती आहे, तिथल्या त्या. पंचावन्नच्या पुढच्या असतील. आमच्या गावात निंदणाला, कापूस वेचायला बाया हव्या असल्या की आदल्या दिवशी कुसुमबाईंना निरोप द्यायचा, त्या अकराजणी घेऊन उजाडायच्या आत वावरात हजर. त्यांच्या बायांनी ओळ अर्धी सोडली असं कधी झालं नाही, आणि मालकाच्या वावरातली संत्र्याची फोडही न विचारता तोंडात गेली नाही. कुसुमबाईंच्या नावावर त्या अकरा घरांची चूल पेटायची. शेडनेटमध्ये मात्र त्या एकट्या यायच्या, रोज सकाळी दोन तास, नऊ वर्षांपासून. कामापेक्षा प्रश्न जास्त विचारायच्या, म्हणून मला आवडायच्या.

त्यांची एकच गोष्ट मला खुपायची. त्या घरून पाण्याची बाटली आणायच्या. शरबताची जुनी दोन लिटरची बाटली, तिला ओलं फडकं गुंडाळलेलं. आम्ही घरी प्यायला गावातल्या पाणी शुद्ध करायच्या मशीनचं पाणी आणतो, पण वावरात येणाऱ्यांसाठी विहिरीची कळशी भरून ठेवलेली असते. बाकी अकराजणी ती कळशी दुपारपर्यंत रिकामी करायच्या. कुसुमबाई नऊ वर्षांत एकदाही आमचं पाणी प्यायल्या नाहीत. मी पुढे केलं की "राहू द्या जी" म्हणायच्या आणि आपल्या बाटलीचं झाकण उघडायच्या. आमच्याकडे कोणाच्या घरचं पाणी नाकारणं ही साधी गोष्ट नाही. मी बोलून दाखवलं नाही, पण मनात ठेवलं होतं.

तर मी त्यांना समजावून सांगत होते. "हे पाकीट म्हंजे विरजन समजा, कुसुमबाई."

"विरजन लागलं का नाई हे कसं समजन?"

"मुळाले गाठी येतीन. गाठ फोडली का आतून लाल निंगन. लाल असली म्हंजे काम करून राह्यली."

"आन तवरिक?"

"तवरिक रोप पिवळं पडन. पंधरा दिवस उपाशी राहन, मंग गाठी कामाले लागल्या का पुन्ना हिरवं होईन."

कुसुमबाईंनी पदर तोंडाला लावला. "म्हंजे लेकरायले उपाशी ठेवनार तुमी?"

"ठेवाच लागते. आयतं पोटभर भेटलं तं रोप त्या जिवाणूयले घरात घेतच नाई. कायले घेईन? साखर द्या लागते ना त्याइले."

यावर त्या हसल्या, पण मान हलवत राहिल्या. रोपांच्या बाबतीत त्यांचा जीव फार हळवा. आमच्या कढीपत्त्याला त्या उरलेलं ताक घालायच्या. मागच्या वर्षी पुदिन्याचा ड्रम सुकलेला दिसला म्हणून त्यांनी मला न विचारता दोन मुठी चुलीची राख टाकली, आणि सगळा पुदिना चार दिवसांत आडवा झाला. हे मी विसरले नव्हते. लक्षात ठेवायच्या गोष्टी मी नेहमी चुकीच्याच लक्षात ठेवते.

पोळ्यानंतर पहिली लावण केली. चोविसाव्या दिवशी आम्ही दोघींनी पांढऱ्या ड्रमाचं झाकण उचललं. मुळं शेवयांसारखी पांढरी, लांब, नितळ. गाठ एकही नाही.

कुसुमबाई मुळं बोटांनी चाचपून म्हणाल्या, "बाई, पानं तं हिरवीच हाय."

खरंच होतं. निळ्या ड्रमाइतकी काळीशार नव्हती, पण पिवळीही नव्हती. मी ते कानावर घेतलं आणि सोडून दिलं. दोष पाकिटाचा, असं ठरवलं. दुकानदारानं टिनाच्या छपराखाली तापवलं असेल, जिवाणू मेले असतील. दुसऱ्या वेळी वर्ध्याहून ताजं पाकीट आणलं, थर्मासमध्ये बर्फ घालून, एसटीत मांडीवर ठेवून. दसऱ्यानंतर दुसरी लावण. चोविसाव्या दिवशी पुन्हा तेच. नितळ मुळं, हिरवी पानं.

मी रक्षाला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, पानं हिरवी हायेत ना? म्हंजे त्याइले नत्र भेटून राह्यलं. कुठून तरी भेटूनच राह्यलं."

माझ्याजवळ पेनासारखं मीटर आहे, पाण्यात बुडवलं की आकडा दाखवतं. पांढऱ्या ड्रमाचा आकडा हवा तेवढाच होता. पण ते मीटर फक्त एकूण क्षार सांगतं, कोणता क्षार ते सांगत नाही. आमच्या विहिरीच्या नुसत्या पाण्याचाच आकडा अकराशे येतो. पाणी जड आहे, डाळ शिजत नाही, चुना असेल, असं म्हणून तो आकडा मी नऊ वर्षं वजा करत आले होते. आणि युरिया, म्हणजे नुसतं नत्राचं खत, पाण्यात विरघळवला तर हे मीटर सुरुवातीला तरी ढिम्म हलत नाही, हे मला कॉलेजपासून माहीत. म्हणजे कोणी मूठभर युरिया टाकला तर मीटरला पत्ता लागणार नाही.

रक्षानं "कुठून" विचारलं होतं. मी "कोण" ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडनेटमध्ये गेले तर पांढऱ्या ड्रमाच्या झाकणावर कागदाची पुडी. अर्धी उघडी, आत पांढरे दाणे. दाराशी बागेसाठी आणलेलं युरियाचं पोतं, तोंड सुटलेलं. आणि कुसुमबाई ड्रमावर वाकलेल्या. माझा चष्मा घरी राहिला होता. डोकंही बहुतेक तिथेच राहिलं होतं.

"तू टाकतेस ना याच्यात युरिया?"

नऊ वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा एकेरी बोलले. बाहेर संत्री तोडायला आलेली दोन माणसं वळून पाहायला लागली.

कुसुमबाई सरळ उभ्या राहिल्या. "मीठ हाय ते, बाई. पेरूसंगं खायाले आनलं."

"मले शिकवू नोको. मांगच्या साली राख टाकली ती तूच ना? तुले दया येते ना याइची?"

"दया येते. पन तुमी नाई म्हनलं, मी नाई टाकलं." त्यांनी पुडी माझ्यापुढे धरली. "चाखून पाहा."

मी ती पुडी हातानं उडवली. निम्मे दाणे खाली सांडले. कुसुमबाईंनी वाकून पुडी उचलली, नीट घडी घातली, कमरेला खोचली. थोडा वेळ त्या निळ्या ड्रमाकडे, पांढऱ्या ड्रमाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मले मूठभर बी द्या. त्या पाकिटातली चमचाभर भुकटी द्या. आन पांढऱ्या डब्यातलं वाटीभर द्या."

"कायले?"

"मले पाहाचं हाय."

रागाच्या भरात माणूस मोठ्या मनाचं नाटक करतं. मी तिन्ही गोष्टी कागदात बांधून त्यांच्या हातात कोंबल्या. "ने. आन पुन्ना इथं येऊ नोको."

एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण संध्याकाळी मी पिठाच्या चक्कीवर गेले, तिथे चारचौघी भेटल्या, आणि माझ्या तोंडाला कुलूप नाही. मी सांगितलं की कुसुमबाई माझ्या टाकीत चोरून युरिया टाकत होती. चक्कीवर गहू जसा टाकला तसा परत मिळत नाही, तशी गोष्टही मिळत नाही. आठवड्यात गावभर झालं होतं की कुसुमबाई युरिया चोरते. कापसाची पहिली वेचणी आली तेव्हा वासुदेवरावांनी, ज्यांचं वावर गावात सगळ्यात मोठं, बाया शेजारच्या गावाहून टेम्पोनं आणल्या. त्यांचं पाहून दुसऱ्यांनीही तेच केलं. टोल्यावरच्या अकराजणी ऐन वेचणीत घरी बसल्या. हे मला कळलं तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मी स्वतःला सांगितलं की केलं तिनं, भोगेल ती.

तिसरी लावण मी कुलपाखाली केली. शेडनेटच्या दाराला नवं कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. युरियाचं पोतं घरी नेऊन ठेवलं. विहिरीचं पाणी माझ्या हातानं भरलं, भुकटी माझ्या हातानं मोजली. चोवीस दिवस त्या दारातून माझ्याशिवाय मांजरही आत गेलं नाही.

चोविसाव्या दिवशी झाकण उचललं. हिरवी पानं, नितळ मुळं.

मी तशीच घरी गेले. खुशालराव चहा पीत होते.

"तुमी तं नाई टाकत त्या डरममधी काई?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या कमरेच्या किल्लीकडे पाहिलं. "मले चाबी देते कोन?" मग कप खाली ठेवून म्हणाले, "शालू, कुसुमबाई तं चोवीस दिवसापासून इकडं फिरकली नाई."

त्यांना एवढं बोलायला लागलं, यावरून समजा. मला स्वतःची अशी लाज वाटली की दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. टोल्यापर्यंत तीन किलोमीटर. स्कूटीला दहा मिनिटं लागतात, मला तीन दिवस लागले. लाज होतीच. पण खरं सांगायचं तर, लाजेच्या खाली ते जुनं कुतूहलही धडका मारत होतं. कोणी टाकत नाही, तर येतं कुठून?

कुसुमबाई अंगणात सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या नाहीत. "या," म्हणाल्या. सुनेला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. सुनेनं पोतं अंथरलं आणि लोटाभर पाणी आणून ठेवलं. मी ते घटाघट प्यायले, तोंड कोरडं पडलं होतं म्हणून. गार होतं आणि हलकं, त्याला कसलीच चव नव्हती.

"कुसुमबाई, मी कुलूप लावून पाह्यलं," मी सुरुवात केली. "तरी तसंच झालं. तुमी नोतं टाकलं."

"मले मालूम हाय मी नोतं टाकलं." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "तुमाले दाखवाचं हाय काईतरी. इकडं या."

घराच्या मागच्या सावलीत एक काळी बादली होती. तिच्याभोवती पोत्याचा तुकडा बांधलेला, आत उजेड जाऊ नये म्हणून. माझ्या ड्रमांना मी तेच करते, त्यांनी पाहिलं होतं. तोंडावर बांबूच्या कामट्यांची विणलेली चकती, आणि तिच्यातून बरबटीची तीन रोपं वर आलेली. तजेलदार हिरवी.

"पंप तं नाई माह्याजवळ," त्या म्हणाल्या. "म्हून सकायी, दुपारी, संध्याकायी लोट्यानं पानी काढाचं आन वरून सोडाचं. बुडबुडे येतात."

त्यांनी चकती हलकेच उचलली. मुळं पाण्यातून वर आली, पाणी ठिबकलं, आणि मी तिथेच खाली बसले. मुळांना जागोजागी गाठी. काही मोहरीएवढ्या, काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या. एकाच मुळाला मी एकोणीस मोजल्या आणि मग मोजणं सोडून दिलं.

कुसुमबाईंनी एक गाठ खुडली, अंगठ्याच्या नखानं फोडली आणि बोट माझ्यापुढे धरलं. आतून लाल.

"पंधरा दिवस पिवळीजर्द होती," त्या सांगायला लागल्या, आणि सांगताना त्यांचा आवाज बदलला, नेहमीसारखा झाला. "सून म्हने, फेकून द्या हे. मले लय वाटलं का मूठभर राख टाकाव. दोनदा चुलीपाशी गेलती मी. पन नाई टाकली. सोळाव्या दिवशी मधलं पान हिरवं झालं. मंग रोज उचलून पाहे मी." त्यांनी बोटावरचा लाल ठिपका निरखला. "बाई, हे लाल काऊन असते? रगतावानी?"

"रक्तात असते ना लाल, त्याच्याच नात्यातलं हाय ते."

"रोपात?"

"हो."

"अबब," म्हणून त्यांनी बोट डोळ्यांजवळ नेलं. मीही वाकले. दोन मिनिटं आम्ही दोघी ते बोट पाहत होतो, जणू मधे काही झालंच नव्हतं.

मग मी विचारलं, "काय येगळं केलं तुमी?"

"काईच नाई. तुमचंच बी, तुमचंच विरजन, तुमचीच भुकटी." त्यांनी चकती परत बादलीवर बसवली. "पानी तेवढं माहं."

मी मगाशी प्यायलेला लोटा आठवला.

"कुठलं पानी हे?"

त्यांनी वर टेकडीकडे हात केला. झाडीत एक झिरा होता. त्याच्या वर नुसतं जंगल, एक वावर नाही. साग, पळस आणि दगड. पाऊस पडतो, मुरतो, खाली झिरपतो. मी त्यांच्या हाताच्या दिशेनं पाहत होते आणि डोळ्यांपुढे माझी विहीर येत होती. विहिरीच्या वर काय आहे? माझी संत्र्याची बाग. बागेला काय पडतं? युरिया. आणि बागेला युरिया कोण टाकतं? ते काम मी मजुरांवर सोडत नाही, मला त्यातलं कळतं ना. झाडाला दोन मुठी सांगितल्या असतील तर मी तीन टाकते, वर हळहळून अजून चिमूटभर. लग्न होऊन आले तेव्हापासून, बावीस वर्षं. झाडानं घेतलं तेवढं घेतलं, बाकीचं प्रत्येक पावसात उतारानं खाली गेलं.

पांढऱ्या ड्रमात युरिया टाकणारा हात माझाच होता. तो युरिया मी विहिरीच्या पाण्यातून बादलीनं ओतत होते.

"म्हून तुमी आमचं पानी पेत नोत्या," मी म्हटलं.

"मले त्याची चव जमली नाई कदी. कसं सांगाव? तुमाले वाईट वाटलं असतं."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. म्हटलं, "कुसुमबाई, मी चुकली. मी तुमाले एकेरी बोलली, चोर म्हनलं, तुमच्या बायायचं काम घालवलं. मले माफ करा."

त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "माफी इथं मांगून काय होते? इथं कोनी मले चोर नाई म्हनत. तुमी चक्कीवर सांगतलं होतं ना? तथीच सांगा."

मी लगेच हो म्हटलं. पण या वेळी मी नुसत्या तोंडानं जायचं नाही असं ठरवलं. विहिरीच्या पाण्याची बाटली भरून वर्ध्याला तपासायला दिली. चार दिवसांनी कागद आला. युरियाचं मातीत मुरून शेवटी नायट्रेट होतं, आणि पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे पंचेचाळीस मिलिग्रॅमच्या वर नको. आमच्या विहिरीत एकशे नव्वद होतं. निळ्या ड्रमात मी बरबटीला जेवढं देते त्याच्या जवळजवळ एक तृतीयांश, फुकटात, आणि न मागता. म्हणून रोपं निळ्या ड्रमाइतकी काळीशार नव्हती आणि पिवळीही नव्हती. कुसुमबाईंनी पहिल्याच लावणीला पानांकडे बोट दाखवलं होतं.

शनिवारी संध्याकाळी चक्कीवर गर्दी असते. मी एका हातात पांढऱ्या ड्रमातलं रोप घेऊन गेले. कुसुमबाई आपली बादली आणि नेहमीची फडकं गुंडाळलेली बाटली घेऊन आल्या, मागे त्यांच्या अकराजणी. चक्कीवाल्याला मी मशीन बंद करायला लावली. वासुदेवराव दळण घ्यायला आले होते, तेही थांबले.

मी दोन्ही मुळं शेजारी शेजारी धरली आणि सगळं सांगितलं. बी, पाकीट, भुकटी, कुलूप, झिरा, बाग, कागदावरचा आकडा. माझ्या मुठी तीन होत्या हेही सांगितलं. लोक मुळं हातात घेऊन पाहत होते. कोणीतरी गाठ फोडली, लाल निघाली, तशी ती हातोहात फिरली. वासुदेवरावांनी डोळे बारीक करून विचारलं, "म्हंजे कुसुमबाईनं युरिया टाकलाच नोता?"

"नाई. एक दाना नाई."

"मंग पुडीत काय होतं?"

कुसुमबाईंनी कमरेचा कागद काढला. तीच पुडी, घड्या पडलेली, मळकी. इतके दिवस त्यांनी ती सांभाळून ठेवली होती. त्यांनी ती उघडून माझ्यापुढे धरली. मी चार दाणे उचलून जिभेवर ठेवले. सगळ्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडे.

"मीठ हाय," मी मोठ्यानं म्हटलं.

कोणीतरी हसलं. वासुदेवराव घसा खाकरून म्हणाले की सोमवारपासून दुसरी वेचणी आहे, बाया लागतील. कुसुमबाईंनी "पाहू" म्हटलं आणि पुडी पुन्हा कमरेला खोचली, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला. मला वाटलं, झालं, सुटले मी. चक्कीवाल्यानं मशीनच्या बटणाला हात घातला.

तेवढ्यात त्या अकराजणींमधून बायजा पुढे आली. सगळ्यांत लहान, सहसा न बोलणारी. तिची नजर माझ्या हातातल्या त्या नितळ मुळांवर होती.

"बाई," ती म्हणाली, "मंग तुमी आमाले कळशी भरून देत होत्या, ते पानी?"

चक्की बंद होती, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. मला बरंच काही बोलता आलं असतं. मला माहीत नव्हतं म्हणता आलं असतं. आम्ही घरी मशीनचं पाणी पितो, ते विहिरीचं जड असतं म्हणून, एवढंच, असंही म्हणता आलं असतं. बायजा वाट पाहत होती. मी आयुष्यात पहिल्यांदा आधी विचार केला.

"हो," मी म्हटलं. "तेच पानी."

कुसुमबाईंनी आपल्या बाटलीचं फडकं सोडलं, झाकण उघडलं आणि बाटली बायजाच्या हातात दिली.